उद्याही पळावंसं वाटलं पाहिजे : लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या सरावात उत्साह कसा टिकवायचा

शर्यतीसाठी नाव नोंदवलं त्या रात्री उत्साहाची कमतरता कुणालाच नसते. नवे बूट येतात, सोळा आठवड्यांचा आराखडा भिंतीवर लागतो आणि पहिले दोन-तीन आठवडे झपाट्यात जातात. मग पाचव्या-सहाव्या आठवड्यात कधीतरी पहाटे गजर वाजतो, पाय जड झालेले असतात, शर्यत अजून अडीच महिने लांब असते आणि मन म्हणतं, आज राहू दे. मॅरेथॉन असो, ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत) असो की दिवसभराची सायकल शर्यत, बहुतेकांचा सराव अशाच एखाद्या साध्या सकाळी सुटतो.

या शर्यतींची तयारी साधारण १२ ते २० आठवडे चालते. एवढा काळ कुणाचाच उत्साह एका पातळीवर राहत नाही आणि राहील अशी अपेक्षाही धरू नये. माझं ठाम मत असं आहे की उत्साह आधी येऊन सराव घडवत नाही, नीट आखलेला सराव उत्साह निर्माण करतो. आजचा सराव संपल्यावर उद्याही बाहेर पडावंसं वाटत असेल, तर आराखडा बरोबर आहे. वाटत नसेल तर स्वतःला आळशी ठरवण्याआधी आराखडा तपासा. तो कसा आखायचा आणि कुठे तपासायचा, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी : कारण कागदावर लिहा, शर्यत त्यानंतर निवडा

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेवर अनेक दशकं काम केलं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की तीन गरजा भागल्या तर माणूस एखादी गोष्ट दीर्घकाळ करतो : हे मी माझ्या मर्जीने करतोय, मला ते जमत चाललंय आणि यात माझ्याबरोबर आपली माणसं आहेत. या लेखातला जवळजवळ प्रत्येक सल्ला या तिघांपैकी कशाला तरी आधार देतो.

एक कागद घ्या. वर लिहा, 'ही शर्यत मला का करायची आहे?' उत्तर लिहिलं की त्याखाली पुन्हा 'पण का?' असं विचारा आणि त्याचंही उत्तर लिहा. तीनदा हे केलं की खरं कारण हाती लागतं. पहिलं उत्तर बहुधा दुसऱ्यांचं असतं : मित्र करतायत, फोटो छान येतील, वय झाल्यासारखं वाटायला नको. ही कारणं वाईट नाहीत, पण ती नोंदणीपुरती पुरतात. कारणाची कसोटी एकच. मंगळवारी पहाटे, कुणी बघत नसताना, अंधारात बाहेर पडायला हे कारण पुरेल का?

'वजन कमी करायचंय' हे कारण फार जण लिहितात, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलतो. लांब पल्ल्याचा सराव त्यासाठी फारसा योग्य नाही. अंतर वाढतं तशी भूक वाढते. ती दाबून सराव चालू ठेवला की थकवा, चिडचिड आणि दुखापत येते. वजनाचा विचार करायचाच असेल तर शर्यतीच्या तयारीबाहेरच्या काळात करा.

कारण सापडलं की अंतर ठरवा. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरला आपल्या मनात फार मोठं स्थान आहे, पण हा आकडा शरीरशास्त्रातून आलेला नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला मार्ग तेवढा होता आणि १९२१ मध्ये तेच अंतर अधिकृत ठरलं. १० किलोमीटर किंवा २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉनही दमसासाचीच शर्यत आहे. ज्याला सलग तासभर पळायची सवय नाही, त्याने थेट पूर्ण मॅरेथॉन निवडली तर 'जमत चाललंय' ही भावना महिनोन्महिने मिळत नाही. उत्साह आटतो तो तिथेच.

आपल्याला न मानवणारी शर्यत सोडणं म्हणजे माघार नव्हे. एलियुड किपचोगे २००३ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, ५००० मीटरचा विश्वविजेता झाला होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्याची केनियाच्या संघात निवड झाली नाही. पुढच्याच वर्षी तो मॅरेथॉनकडे वळला आणि २०१६ च्या रिओ व त्यानंतरच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं. अंतर बदललं आणि त्याची कारकीर्द नव्याने बहरली.

शर्यत नक्की करण्याआधी तिची कटऑफ वेळ (ज्या वेळेच्या आत शर्यत संपवावीच लागते ती), चढ-उतार आणि तारीख बघा. मधल्या सोळा आठवड्यांत कामाचा मोठा ताण, परीक्षा, घरचं कार्य येतंय का तेही बघा. घरच्यांशी आत्ताच बोला. सुट्टीच्या सकाळचे तीन तास तुम्ही घरात नसणार, हे त्यांना सहाव्या आठवड्यात कळलं तर वाद होतात आणि प्रत्येक लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब पळण्याला, अपराधी वाटू लागतं.

दुसरी पायरी : एकच वेळ डोक्यात धरून बसू नका

लक्ष्य तीन पातळ्यांवर ठेवा. सगळं जुळून आलं तर गाठायची वेळ, समाधान देईल अशी वेळ आणि किमान लक्ष्य, म्हणजे कटऑफच्या आत, धडधाकट अवस्थेत शर्यत संपवणं. एकच आकडा धरला की सर्दी-तापाने गेलेला एक आठवडासुद्धा 'आता काही खरं नाही' असं वाटायला पुरतो. शिवाय शर्यतीच्या दिवशीचा उकाडा किंवा समोरचा वारा तुमच्या हातात नसतो.

आठवड्याचं लक्ष्य मात्र पूर्णपणे तुमच्या हातातलं हवं. 'या आठवड्यात चार वेळा बाहेर पडणार' हे चांगलं लक्ष्य. 'या आठवड्यात पेस (एक किलोमीटरला लागणारा वेळ) दहा सेकंदांनी सुधारणार' हे वाईट, कारण शरीर अशा वेळापत्रकाने सुधारत नाही.

तिसरी पायरी : निर्णय आदल्या रात्रीच संपवा

पहाटे पाचला अंथरुणात पडून 'जाऊ की नको' हा प्रश्न स्वतःला विचारू नये. त्या वेळी उत्तर ठरलेलं असतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात दाखवून दिलं की 'मी व्यायाम करणार' अशा मोघम संकल्पापेक्षा 'जर अमुक घडलं तर मी तमुक करेन' असं बांधून ठेवलेलं वाक्य माणसाला कृतीकडे जास्त खात्रीने नेतं. त्यामुळे संकल्प असे लिहा : गजर वाजला की मी आधी उठून दिवा लावेन. पाऊस असेल तर घरात वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम करेन. संध्याकाळी कामावरून यायला उशीर झाला तर अर्धा तासच पळेन, पण कपडे बदलण्याआधी सोफ्यावर बसणार नाही.

झोपण्याआधीची दहा मिनिटं या कामाला द्या. कपडे खुर्चीवर काढून ठेवा. मोजे बुटात खोचून बूट दाराशी ठेवा. घड्याळ चार्जिंगला लावा, पाण्याची बाटली भरा, घराची किल्ली बुटाशेजारी ठेवा. कुठल्या रस्त्याने जायचं आणि कुठून वळायचं हेही ठरवा. डोळे उघडल्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत डोक्याला एकही प्रश्न पडू नये एवढी तयारी हवी. अंधारात मोजा सापडला नाही म्हणून पुन्हा अंथरुणात शिरणारी माणसं कमी नाहीत.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं सर्रास सांगितलं जातं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. माणसामाणसांतला फरक तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. चौथ्या आठवड्यातही उठणं जड जात असेल तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. त्याच अभ्यासात आणखी एक दिलाशाची गोष्ट दिसली : मध्येच एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष अडथळा येत नाही.

चौथी पायरी : सोपे दिवस खरोखर सोपे करा

या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा. सरावाचा कंटाळा येतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा त्याच्या सोप्या दिवसाचा पेस विचारतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. तो रोज थोडा जास्त जोरात पळत असतो. इतका जोरात नाही की इंटरव्हलचा (थोडं जोरात, मग थोडं सावकाश, असं आलटूनपालटून पळण्याचा) फायदा मिळावा आणि इतका हळूही नाही की शरीर सावरावं. रोज दमून घरी येतो. आठवडे जातात, वेग वाढत नाही आणि पळणं म्हणजे धाप, असं समीकरण मेंदूत पक्कं होतं. अशा गोष्टीकडे रोज पहाटे ओढीने कोण जाईल?

स्टीफन सायलर या अभ्यासकाने अव्वल दर्जाच्या रोइंगपटू, स्कीपटू, सायकलपटू आणि धावपटूंचा सराव तपासला. त्यांच्या सरावाची साधारण ८० टक्के सत्रं कमी तीव्रतेची असतात असं त्याला आढळलं. जगातले सर्वांत वेगवान लोक बहुतेक दिवस स्वतःच्या ताकदीच्या मानाने सावकाश पळतात. आपण मात्र त्यांच्यापेक्षा कमी तयारीत असताना रोज स्वतःची परीक्षा घेतो.

सोपं म्हणजे किती सोपं, हे कळायला घड्याळ लागत नाही. बरोबरच्या माणसाला कालची एखादी हकीकत पूर्ण वाक्यांत सांगता आली पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागत असेल तर वेग कमी करा. चढावर दम लागला तर चाला. चालल्याने सराव वाया जात नाही. सायकलवर किंवा पाण्यात बोलणं जमत नाही, तिथे एवढं बघा : सत्र संपल्यावर 'अजून थोडं करू शकलो असतो' असं वाटतंय का?

पहिले दोन-तीन आठवडे हे अवघड जातं. मागून कुणीतरी पुढे निघून जातं, ॲपवर सरासरी पेस खाली दिसतो आणि अहंकार दुखावतो. त्यावर माझा सरळ सल्ला : सोप्या दिवशी घड्याळावर पेस दिसेल असा स्क्रीन ठेवूच नका, फक्त वेळ दिसू द्या. सराव ॲपवर टाकत असाल तर सोपे दिवस काही काळ टाकू नका. महिन्याभरात दिसेल की त्याच सोप्या श्वासात तुम्ही आधीपेक्षा लांब जाताय. ही प्रगती हळू असते, पण ज्याने ती एकदा अनुभवली त्याला कुणी बाहेर ढकलावं लागत नाही.

आठवड्यात पाच सत्रं असतील तर चार अशी सोपी, त्यातच लाँग रन, आणि एक कठीण : टेम्पो (बराच वेळ सलग, जरा जोरात पळणं), इंटरव्हल किंवा चढ. कठीण दिवशी मनापासून जोर लावा. सोपे दिवस सोपे असले की त्या दिवशी पायात ताकद असते.

पाचवी पायरी : मन तयार नसलेल्या दिवसासाठी नियम ठेवा

असे दिवस येणारच. त्यासाठी दहा मिनिटांचा नियम फार उपयोगी आहे. बूट घालून बाहेर पडायचं आणि दहा मिनिटं अगदी रमतगमत पळायचं. दहा मिनिटांनंतरही परत फिरावंसं वाटलं तर बिनदिक्कत परत फिरायचं. पहिल्या चार-पाच मिनिटांत श्वास आणि पाय यांचा मेळ बसलेला नसतो आणि सगळंच जड वाटतं. सातव्या-आठव्या मिनिटाला अंग गरम होतं, खांदे सैल पडतात आणि मघाचा मूड कुठे गेला ते कळतही नाही. तरीही परत फिरावंसं वाटत राहिलं, तर ती महत्त्वाची खूण आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

डोक्याला आलेला शीण पायांना जाणवतो, हे मोजलं गेलंय. सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या प्रयोगात काही जणांना दीड तास एकाग्रतेचं किचकट काम करायला लावलं आणि मग थकेपर्यंत सायकल चालवायला सांगितली. त्यांनी नेहमीपेक्षा लवकर हार मानली. हृदय किंवा स्नायू काही वेगळं वागत नव्हते, तेच श्रम त्यांना जास्त वाटत होते. यावरून वेळापत्रक असं ठेवा : ज्या दिवशी कामावर डोकं पिळून निघणार आहे त्या दिवशी संध्याकाळी इंटरव्हल ठेवू नका. कठीण सत्र सकाळी किंवा हलक्या दिवशी, आणि त्या संध्याकाळी फार तर सोपं पळणं.

सहावी पायरी : सोबत निवडून घ्या

१९२०च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनमधल्या एका रोइंग क्लबच्या सदस्यांना जोडीने वजन पेलायला लावलं. एकाने सोडलं की दुसऱ्यालाही थांबावं लागेल अशी रचना होती. जोडीतला कमी ताकदीचा माणूस एकट्याने जेवढा टिकला असता त्यापेक्षा जास्त टिकला, आणि हा फायदा दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना सर्वाधिक दिसला. आपल्यापेक्षा थोडा पुढे असलेला जोडीदार बघा. फार पुढचा असेल तर त्याच्यामागे फरपट होते आणि तुमचा सोपा दिवस कठीण होऊन बसतो.

आठवड्यातला एक, फार तर दोन दिवस ग्रुपबरोबर ठेवा. लाँग रनला सोबत सर्वांत जास्त कामी येते. बाकीचे दिवस एकट्याने पळा, कारण शर्यतीत एकट्याने झेलायचे किलोमीटरही असतातच.

सातवी पायरी : वही ठेवा

ॲप आकडे ठेवतं, पण त्या दिवशी कसं वाटलं हे त्याला माहीत नसतं. साध्या वहीत रोज दोन ओळी पुरतात. 'मंगळवार. ५० मिनिटं सोपं. झोप सहा तास. सुरुवातीला जड, पुलानंतर मोकळं.' एवढंच. श्रम किती वाटले त्याचा दहापैकी आकडा आणि सकाळी उठल्याबरोबरचे नाडीचे ठोके लिहिलेत तर उत्तम.

या वहीचा पहिला उपयोग असा की वाईट आठवड्यात मागची पानं उलटून आपण कुठून कुठे आलो ते दिसतं. दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे. उत्साह गेला तर तो नेमका कधीपासून आणि कशामुळे गेला, हे तिथेच सापडतं.

आठवी पायरी : लाँग रनचे शेवटचे किलोमीटर

लाँग रनच्या उत्तरार्धात 'हे सगळं कशासाठी' असा विचार आला तर आधी पोटाकडे बघा. दीड-दोन तासांनंतर शरीरातला कर्बोदकांचा साठा खालावतो आणि मनही खचतं. लांब सत्रात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घेण्याचा सर्वसाधारण सल्ला आहे. ती पहिल्या पाऊण तासापासून थोडी थोडी घ्यायला लागा. नकोसं वाटू लागल्यावर घेतलं तर उशीर झालेला असतो.

मग येतं स्वतःशी बोलणं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांनी दोन आठवडे स्वतःला उभारी देणाऱ्या वाक्यांचा सराव केला. त्यानंतर थकेपर्यंत सायकल चालवण्याची त्यांची वेळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. वाक्यं स्वतःची असावीत, छोटी असावीत आणि सरावात घोटलेली असावीत. 'पुढच्या खांबापर्यंत.' 'खांदे सैल सोड.' 'हे तू आधी केलंयस.' उरलेले बारा किलोमीटर एकदम मोजू नका. पुढचं वळण, पुढचं पाणी, पुढची दहा मिनिटं, एवढंच बघा.

नववी पायरी : उत्साह खरोखर आटला असेल तर

दहा मिनिटांच्या नियमानंतरही लागोपाठ आठवडाभर पळावंसं वाटत नसेल, तर मनाला दोष देणं थांबवा आणि क्रमाने तपासा. झोप सात तासांपेक्षा कमी होतेय का? अंतर वाढलं तसं खाणं वाढवलं का? सकाळचे नाडीचे ठोके नेहमीपेक्षा सतत जास्त आहेत का? गेल्या तीन-चार आठवड्यांत एकही हलका आठवडा घेतला नाही का? वारंवार सर्दी, चिडचिड, झोप न लागणं, नेहमीच्या पेसला जास्त श्रम वाटणं, ही अतिसरावाची लक्षणं असू शकतात. लोहाची कमतरताही अशीच दबक्या पावलांनी येते, विशेषतः स्त्रियांमध्ये. रक्ततपासणी करून घ्या, अंदाजाने गोळ्या घेऊ नका.

पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर सरावाची पावती समजून ते अंगावर काढू नका. खाण्यातून मिळणारी ऊर्जा खर्चाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेवर स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात पुरुषांनाही याचा धोका असल्याचं म्हटलं आहे. डॉक्टरांना भेटा. आणि पळण्याबरोबर बाकीच्या गोष्टींतलाही रस गेला असेल, दिवसचे दिवस उदास वाटत असेल, तर तो सरावाचा प्रश्नच नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यायला वेळ लावू नका.

यातलं काहीच नसेल तर बहुधा एक हलका आठवडा पुरतो : अंतर निम्म्यावर, कठीण सत्र नाही, रस्ता नवा.

सराव चुकला तर

चुकलेले किलोमीटर हे कर्ज नाही, ते फेडायला जाऊ नका. एक-दोन दिवस गेले तर आराखड्यात आज जे लिहिलंय ते करा. आठवडा गेला तर पुढचा आठवडा थोडा कमी करून मग मूळ आराखड्यात या. दहा-बारा दिवसांनंतर दमसास थोडा उतरायला लागतो. दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर वेळेचं लक्ष्य एक पातळी खाली आणा. तीन पातळ्या ठेवल्या आहेत त्या यासाठीच.

शेवटचे आठवडे आणि शर्यतीनंतर

मोठ्या शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत टेपर असतो, अंतर टप्प्याटप्प्याने कमी होतं. या काळात गंमत अशी होते की विश्रांती मिळत असूनही बेचैन वाटतं, पाय दुखल्याचे भास होतात आणि एखादा शेवटचा लाँग रन मारून यावा असं वाटतं. मारू नका. त्या वेळात वही वाचा, मार्गाचा नकाशा बघा, शर्यतीच्या सकाळचा क्रम लिहून काढा.

शर्यत संपल्यावर दोन-चार दिवसांनी येणारी पोकळी मात्र अनेकांना अनपेक्षित असते. चार-पाच महिने रोजच्या दिवसाला आकार देणारी गोष्ट अचानक संपलेली असते. ती भरायला लोक घाईने पुढची शर्यत नोंदवतात आणि थकलेल्या अंगाने नवा आराखडा सुरू करतात. पहिले दोन आठवडे काहीही ठरवू नका. चाला, पोहा, मनात आलं तर घड्याळाशिवाय थोडं पळा. तिसऱ्या आठवड्यात जिना उतरताना मांड्या दुखत नसतील, झोप पुरी होत असेल आणि एक सोपा दिवस झाल्यावर तुम्ही पुढच्याची वाट बघत असाल, तर नव्या शर्यतीच्या तारखा चाळायला हरकत नाही.